भावाच्या नावाची पाटी

सावरशेत, ता. पेण
१२ नोव्हेंबर १९८६

चि. मोरूस बायचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला लय वाट बघितली. रोह्याला गुरांची लाळ्याची साथ हाय आणि दवाखान्यात तू एकटाच डॉक्टर, असा निरोप मिळाला. असू दे. आपल्या घरात सरकारी डॉक्टर निपजला, त्यातच माझी ओवाळणी आली.

एक आनंदाची गोष्ट कळवते. ह्यांनी ओटीवर पाटी लावली. पेणच्या गुरांच्या दवाखान्यात शिपाई होते तेव्हापासून ह्यांना सुया मारता येतात, हे तुला ठाऊकच हाय. नोकरी सुटली तरी हात सुटला नाय. आता आजूबाजूच्या गावची माणसं ‘काळुराम डॉक्टर’ म्हणून बोलवायला येतात. पण मागल्या महिन्यात जीपमधून कोणी साहेब आला आणि म्हणाला, नोंदणी कुठाय? तेव्हा ह्यांनी पेणला गणपतीच्या कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून पाटी रंगवून आणली. वर तुझं नाव, ‘डॉ. मोरेश्वर मरवडे’. त्याच्याखाली तुझा नोंदणी नंबर. आणि अगदी खाली बारीक अक्षरात ‘सहाय्यक काळुराम पाशीलकर’. अक्षर काय सुरेख आलंय! तुझा नंबर मीच त्यांना सांगितला.

तुझं नाव आमच्या ओटीवर. मी येताजाता बघते.

तुझी बाय


रोहा
१८ नोव्हेंबर १९८६

ती. सरूबायस मोरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाय, ती पाटी आजच्या आज उतरव. तो नंबर म्हणजे देवाचा अंगारा नव्हे, की घरातल्या कुणाच्याही कपाळाला लावावा. पशुवैद्यक परिषदेकडे ज्याची नोंद आहे त्यानेच गुरांवर उपचार करायचे, असा कायदा आहे. सहाय्यक असला तरी डॉक्टरची देखरेख हवी. मी रोह्याला आणि भावोजी सावरशेतला, ही कसली देखरेख? कुणी तक्रार केली तर भावोजींना तुरुंग होईल आणि माझं नाव नोंदणीतून कापलं जाईल.

पण नुसती नोकरीची भीती म्हणून लिहीत नाही. परवा इथल्या एका गावात असाच एक सुईवाला व्यायलेल्या म्हशीच्या शिरेत भराभरा औषध सोडून मोकळा झाला. मी पोचलो तेव्हा म्हैस अंगणात पाय झाडत होती. तिच्या मालकाने सुईवाल्यावर कोयता टाकला होता आणि त्याचा अर्धा कान गालावर लोंबत होता. आधी त्याचा कान बांधला, मग म्हशीकडे वळलो. तोवर ती गेली होती.

भावोजींचा हात चांगला आहे. अडलेलं वासरू ते माझ्याइतकंच सफाईने सोडवतील. पण रोग कुठला आहे हे ओळखायला हात पुरत नाही.

तक्रार मी करणार नाही. माझी बहीण त्या घरात आहे. पण पाटी उतरवल्याचं लगेच कळव.

तुझा मोरू


सावरशेत
२९ नोव्हेंबर १९८६

चि. मोरूस आशीर्वाद.

ओटीवरची पाटी काढली. निश्चिंत राहा. तुझं पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नायत. म्हणाले, मेव्हणा शिकला म्हणून मी अडाणी झालो काय? जाऊ दे. आता तो विषय नको.

इथली गंमत सांगते. परवा भर दुपारी गावात कोल्हा शिरला. भर दुपारी, माणसांत! कुत्र्यांना भ्यायला नाय. सरळ आमच्या शेजारच्या बाबाजीच्या गोठ्यात गेला आणि बैलाच्या नाकपुडीला दात लावून लोंबकळला. सोडीचना. बाबाजीचा धाकटा भाऊ जनू, त्याने दांडक्याने कोल्ह्याची पाठ मोडली, मागचे पाय लुळे झाले, तरी दात सुटले नायत. शेवटी जनूने कोयत्याने मान तोडली. धड खाली पडलं आणि मुंडकं बैलाच्या नाकाला तसंच! ते जबडा फाकवून काढावं लागलं. जनू रक्ताने न्हालेला. त्याची बायको रंभा ओरडते, ‘आवो, आदी अंग धुवा, मंग घरात या!’ सगळी माणसं हसत होती.

ह्यांनी बैलाची जखम हळदीने भरली आणि सुई दिली. आता बैल बरा हाय.

तुझी बाय


रोहा
२ डिसेंबर १९८६

ती. सरूबायस नमस्कार.

हे पत्र ओळखीच्या एस.टी. कंडक्टरच्या हाती देतोय. वाचलंस की लगेच बाबाजीच्या घरी जा.

भर दुपारी गावात येणारा, माणसाला न भिणारा, मोडला तरी दात न सोडणारा कोल्हा पिसाळलेला असतो. त्याचं विष लाळेत असतं. तो बैल आज बरा दिसतो, महिना-दीड महिन्याने पिसाळेल. त्याला लांब, एकटा, साखळीने बांधा. ज्यांनी कोल्ह्याला हात लावला त्या सगळ्यांनी पेणच्या दवाखान्यात जाऊन पोटात इंजेक्शनं घ्यायची. चौदा घ्यावी लागतात, दुखतात, पण घ्यायचीच. जनूने तर उद्याच जायला हवं. एकदा रोग दिसला की जगात औषध नाही.

भावोजींनी दिलेल्या सुईचा काही उपयोग नाही. हे त्यांना स्पष्ट सांग. रविवारी मी येतोच आहे.

मोरू


सावरशेत
१० डिसेंबर १९८६

मोरू,

तू एस.टी.त चढलास तेव्हा तुझ्या सदऱ्यावरचं रक्त ओलं होतं. ते पुसायला पदर पुढे केला तर तू माझा हात झटकलास.

व्हय, मी खोटं लिहिलं होतं. ओटीवरची पाटी काढली आणि गावाच्या वळणावर जांभळीला ठोकली. ह्यांनी ठोकली. मी खिळे धरले. तुला ती एस.टी.तून उतरताच दिसेल, हे मला सुचलं नाय.

पण तूही काय केलंस? भरल्या अंगणात, बाबाजीपुढे, चार गावच्या माणसांपुढे म्हणालास, ‘हा माणूस डॉक्टर नाही. ह्याच्या सुईत पाणी असलं काय आणि औषध असलं काय, सारखंच.’ बाबाजी तुला गरीबपणे म्हणाला होता, ‘काळुराम तर म्हणतोय जखम सुकली.’ त्याला नीट समजावलं असतंस. तू पाटीकडे धावलास आणि ती उपटायला लागलास. ह्यांनी मागून दांडा उचलला तो मी बघितला. ओरडायला तोंड उघडलं, तोवर तुझं कपाळ फुटलं होतं. तू पडल्यापडल्या त्यांच्या गळ्याला धरलंस आणि त्यांचं डोकं जांभळीच्या बुंध्यावर आपटलंस. एकदा नाय, तीनदा. माझा भाऊ आणि माझा नवरा, आणि मी दोघांच्या मधे मातीत. मला कोणाची लाथ लागली ते अजून कळलं नाय.

बाबाजीने बैल परत गाडीला जुंपलाय. खळ्यावर भाताचे भारे न्यायचे हायत. सुया घ्यायला कोणी गेला नाय. जनू म्हणाला, ‘बैलाला कोल्हा चावला, मी कशाला भोसकून घेऊ?’

ह्यांनी घरात तुझं नाव काढायची बंदी केली हाय.

सरू


रोहा
१६ डिसेंबर १९८६

ती. बायस नमस्कार.

कपाळाला टाके पडले. इथे सगळ्यांना जिन्यावरून पडलो असं सांगितलं. तुझ्या अंगाला लाथ लागली असेल तर ती माझीच असेल. मला तेव्हा माणूस दिसत नव्हता.

मी तालुक्याच्या साहेबांना, पंचायतीला पिसाळलेल्या कोल्ह्याबद्दल लिहिलं आहे. पाटीबद्दल लिहिलं नाही. लिहायला घेतलं आणि फाडलं.

आता एवढंच भावोजींना वाचून दाखव. बैलाचा आवाज घोगरा होईल. लाळेच्या तारा लोंबतील. पाणी पुढे ठेवलं तर पिता येणार नाही. बघणाऱ्याला वाटेल, घशात काही अडकलं आहे. अनुभवी माणसालाही असंच वाटतं. अडकलेलं काही नसतं. त्याच्या तोंडात हात घालू नका. कुणालाही घालू देऊ नका.

माझ्यावर राग असेल तर नाव वगळून वाच. पण वाचून दाखव.

मोरू


धरमतर
४ जानेवारी १९८७

मोरू, तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाय.

पेटीत साड्यांखाली ठेवलं. वाटलं, घरात पुन्हा आग कशाला.

बुधवारी सकाळी बाबाजी हाक मारायला आला. बैल ओरडत होता, आवाज फाटल्यासारखा, तोंडातून लाळ. हे म्हणाले, घशात काटकी अडकली. मला तुझं पत्र आठवलं. मी मागून धावले, ‘आवो, हात नका घालू, मोरूने लिहिलंय!’ तुझं नाव ऐकलं आणि त्यांनी मुद्दाम बाही वर केली. जनूने दोन्ही हातांनी जबडा फाकवून धरला. ह्यांनी कोपरापर्यंत हात घातला. बैलाने जबडा मिटला. हात बाहेर काढला तेव्हा मनगटापासून कातडं सोललेलं. जनूचीही बोटं दातांनी फाटली.

मंग बैलाने साखळीचा खुंटा उपटला. बाबाजी दारात होता. बैलाने त्याला कुडाला दाबलं आणि शिंग पोटात घालून उचललं. खाली टाकलं, पुन्हा उचललं. माणसं कोयते-भाले घेऊन आली तोवर बाबाजीची आतडी गोठ्यातल्या शेणात पडली होती. बैल मारायलाही लय वेळ लागला. पुढचे पाय तोडले तरी तो गुडघ्यावर सरकत माणसांच्या अंगावर येत होता.

बाबाजी डोळे उघडे ठेवूनच गेला. आणि मंग सगळे ह्यांच्याकडे वळले.

त्यांना ओढत आमच्या ओटीवर आणलं. जनू ओरडत होता, ‘ह्याच हाताने सुया मारतो ना? ठेव तो हात!’ मी उखळावर आडवी पडले. रंभाने माझे केस धरून मला बाजूला केलं. जनूने ह्यांचा उजवा हात उखळाच्या काठावर ठेवला आणि मुसळ घातलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, मोरू. फौजदार आला म्हणून जीव वाचला. त्या गडबडीत हे मागच्या दाराने पळाले.

आता हे इथं धरमतरच्या मिठागरात एका ओळखीच्या माणसाच्या झोपडीत हायत. हात कुजायला लागलाय. बैलाचे दात लागलेले, म्हणजे तू सांगितलेल्या सुया घ्याव्या लागतील, हे आता मला कळतं. पण ते बाहेर निघत नायत. पोलीस बाबाजीच्या मरणाचा गुन्हा घालणार म्हणतात. पाटी जप्त झाली हाय. परिषदेची चौकशी लागणार. ते म्हणतात, ‘तुरुंगात सडण्यापेक्षा इथं मरेन.’

एकच मार्ग हाय. तू लिहून दे, की पाटी तुझ्या परवानगीने होती, हे तुझ्या हाताखाली काम करत होते. मंग गुन्हा होत नाय. तुझं नाव कापलं जाईल हे मला ठाऊक हाय. तरी मागते. तू लिहिलंस तर मी त्यांना उद्याच बाहेर काढते.

बाय


रोहा
५ जानेवारी १९८७

बाय,

तुझा माणूस पत्र घेऊन आला, त्याच्याच हाती उत्तर देतो. भावोजींना हे वाचून दाखव.

भावोजी, पाटी माझ्या परवानगीने होती, असं मी चौकशीत सांगेन. तुम्ही माझ्या हाताखाली काम करत होता, असंही सांगेन. माझ्या नोंदणीचं जे व्हायचं ते होवो. माणूस गेल्यावर नंबर काय कामाचा?

पण आज निघा. पेणला जाऊ नका, तिथे जनूची माणसं आहेत. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात जा. मी डॉक्टरांना फोन केला आहे. चौदाही इंजेक्शनं पुरी करायची. एकही चुकवायचं नाही. मधे उठून गेलात तर माझा शब्द संपला.

बाय, तू त्यांच्याबरोबर राहा. जनूलाही कुणाकरवी निरोप पाठव. त्याच्या बोटांना दात लागले आहेत. त्याने काय केलं ते विसर, निरोप पाठव.

मोरू


अलिबाग
१५ फेब्रुवारी १९८७

चि. मोरूस बायचे अनेक अनेक आशीर्वाद.

सगळ्या सुया झाल्या. पोट सुजून ढोलासारखं झालं होतं. पहिल्या दिवशी दोन माणसांनी धरलं. मंग तुझं पत्र उशाशी ठेवून निमूट घेत राहिले. म्हणाले, ‘मेव्हण्याने शब्द दिलाय, मी पण पाळतो.’ हाताची तीन बोटं कापावी लागली. हात वाचला.

शेवटच्या सुईच्या दुसऱ्या दिवशी फौजदार आला आणि त्यांचा जबाब घेऊन गेला. अटक केली नाय. मी समजले, तू काहीतरी बोललास त्यांच्याशी. हाताचं ड्रेसिंग चालू हाय, म्हणून आमी अजून इथंच हावोत.

जनू गेला, मोरू. आमचा निरोप मिळाल्यावर त्याने पेणला चार सुया घेतल्या आणि पोट दुखतं म्हणून घरी गेला. गेल्या आठवड्यात त्याला इथं आणलं, आमच्या शेजारच्या खोलीत. पाण्याचा पेला बघितला की गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताणायच्या. खाटेला बांधलेला. रंभा जवळ गेली तर तिलाच चावायला आला, आणि लगेच रडत म्हणाला, ‘रंभा, लांब हो, मी माझा नाय.’ त्याची ओरड भिंतीतून यायची. हे पहिले कानावर उशी धरून पडायचे. शेवटच्या दिवशी उठले आणि त्याच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. ज्याने ह्यांचा हात फोडला त्याच्या दारापाशी. तो जाईपर्यंत हलले नायत.

मंग खोलीत परत येऊन म्हणाले, ‘तुझ्या भावाने मला ओढून काढलं नसतं तर त्या खाटेवर मी होतो.’

चौकशी मार्चमध्ये हाय. तू तिथं काय बोलणार ते आठवून माझा ऊर भरून येतो. तुझी नोंदणी गेली तर आमच्या भातातलं अर्धं तुझं.

तुझी बाय


रोहा
२२ मार्च १९८७

ती. सरूबायस,

नमस्कार लिहायचा हक्क राहिला आहे की नाही, माहीत नाही.

तू बाहेर बाकावर बसली होतीस. दार बंद होतं, त्यामुळे आत काय झालं ते तुला लोकांकडून कळलं असेल. माझ्या तोंडूनही ऐक.

आत तीन वयस्कर पशुवैद्य होते आणि एक वकील. कोपऱ्यात पाटी ठेवली होती. रंभाला आधी विचारलं. ती उभी राहून म्हणाली, ‘त्या नंबरावर भरवसा ठेवून माझा माणूस बैलाचा जबडा धरून उभा राहिला. तो नंबर कोणाचा, तेवढं मला सांगा.’

मी म्हणालो, ‘माझा. पण मी तिथे नव्हतो.’

त्यानंतर मी सगळं सांगितलं. परवानगी दिली नव्हती. नोव्हेंबरपासून पाटीची माहिती होती, आणि बहिणीचं घर म्हणून मी गप्प राहिलो. जानेवारीत पत्रातून चौकशीत खोटं बोलायचा शब्द दिला होता, हेही सांगितलं. भावोजींना मिठागरातून बाहेर काढायला दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता. फौजदाराला मी विनवलं होतं की सुया पुऱ्या होईपर्यंत त्यांना हात लावू नका. तुझा तेवढाच अंदाज खरा होता.

मी हो म्हणायच्या तयारीनेच गेलो होतो, बाय. शपथ घेऊन सांगतो. पण मी हो म्हटलं असतं तर बाबाजी आणि जनू माझ्या देखरेखीखाली मेले असं ठरलं असतं. तेही मी सोसलं असतं. पण उद्या ज्याला सुई धरता येते तो कुठल्यातरी मेव्हण्याचा नंबर झाडाला ठोकेल आणि म्हणेल, चालतं. रंभा माझ्याकडे बघत होती. मला हो म्हणता आलं नाही.

माझी नोंदणी सहा महिन्यांसाठी काढून घेतली, गप्प राहिल्याबद्दल. भावोजींवर खटला चालेल. त्यांच्यासाठी चांगला वकील मी बघितला आहे. नको म्हणू नकोस.

मोरू


सावरशेत
३ सप्टेंबर १९८७

मोरू,

चौकशीनंतर तू पाठवलेली चार पत्रं मी न फोडता परत केली. हे पाचवं फोडलं, कारण ते ह्यांनी माझ्या हातात ठेवलं.

तीन महिने शिक्षा भोगून हे परवा सुटले. तुझा वकील नसता तर जास्त झाली असती, असं तेच म्हणाले. कचेरीबाहेर त्या बाकावर मी पेढे घेऊन बसले होते, मोरू. दार उघडलं आणि तू माझ्याकडे न बघता निघून गेलास. ते पेढे मी एस.टी. स्टँडवर कुत्र्यांना घातले.

काल पलीकडच्या वाडीतला गुणाजी आला. त्याची म्हैस अडली होती. ‘काळुराम डॉक्टर, चला.’ हे उठून उभे राहिले, सवयीने. मंग आपल्या दोन बोटांच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मी डॉक्टर नाय रे. पेणच्या दवाखान्यात जा, पळ.’ गुणाजी गेल्यावर घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी पाणी दिलं. ते गटागटा प्यायले. माणूस पाणी पितोय, हे मी उभी राहून बघत होते.

समोर रंभाचं घर. ती सकाळी अंगण झाडते, मी माझं झाडते. एकमेकींशी बोलत नाय. तिचं कपाळ मोकळं हाय आणि माझ्या कपाळाला कुंकू हाय. तू मला फसवलंस म्हणून हाय, हे मला कळतं.

ये, असं लिहायला घेतलं की तुझं खोटं आठवतं. नको येऊ, असं लिहायला घेतलं की रंभाचं कपाळ दिसतं. म्हणून काहीच लिहीत नाय.

ह्यांनी तुला नमस्कार सांगितलाय.

सरू